फळ्यांची शेड आणि मोकळी पडवी

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने किनाऱ्यावर चढलं आणि त्या दुपारी आमच्या दापोली तालुक्यात घरांची छपरं आणि बागांतली झाडं एकदमच गेली. आमच्या परसातला एक फणस, दोन रायवळ आंबे आणि गडग्यालगतचे तीन साग उन्मळून पडले. माणसं सुखरूप होती, घराच्या छपराचं एक पाखं मात्र उघडं पडलं. पहिला महिना कौलं गोळा करण्यात आणि ताडपत्र्या बांधण्यात गेला. आडवी झालेली झाडं पावसात तशीच भिजत राहिली.

फणस आजोबांच्या हातचा होता. तो जळणाला द्यायला घरात कुणाचाच जीव होईना. पाऊस सरल्यावर वनखात्याचे कागद पुरे करून ओंडके सॉ मिलवर नेले आणि डिसेंबरात त्यांच्या आठ फुटी फळ्या टेम्पोतून परत आल्या, सव्वा आणि दीड इंच जाडीच्या. आंबा पावसात पडून राहिल्यामुळे निळा-काळा पडला होता आणि त्याचा बराच भाग कामातून गेला. फणसाच्या कडेचा पांढरा भाग किड्याने पोखरला होता, पण आतला पिवळा गाभा आणि सगळा साग उत्तम निघाला. इतकं चांगलं लाकूड आमच्या घरात एकाच वेळी कधीच आलं नव्हतं. जागेची अडचण सुरू झाली ती इथून.

घराची मागची पडवी हाच आमचा कारखाना. वीस फूट लांब, नऊ फूट रुंद. बाबा कित्येक वर्षं तिथे सुतारकाम करत आले आणि अलीकडे मीही त्यांच्यासोबत उभी राहते. पाट, देव्हारे, झोपाळ्याच्या फळ्या, जुन्या दारांची दुरुस्ती, कुणी सांगितलंच तर जेवणाचं टेबल. या कामात एक गोष्ट बाहेरच्याला सहज लक्षात येत नाही. आठ फुटांची फळी मशिनवर चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट लागतात आणि पलीकडेही आठ. म्हणजे सोळा फूट सलग मोकळी लांबी हवी, आणि फळी हाताळणाऱ्या माणसाला उभं राहायला जागा ती वेगळीच.

फळ्या आल्या तेव्हा त्या पडवीत न्यायच्या नाहीत एवढं आम्ही ठरवलं होतं. त्या खळ्याच्या कडेला रचल्या आणि वरून निळी ताडपत्री चारी बाजूंनी गच्च आवळून बांधली. हे चुकलं. ताडपत्रीखाली लाकडातून निघालेला ओलावा जायला वाट नव्हती. फेब्रुवारीत उघडून पाहिलं तर फळ्याफळ्यांमध्ये पांढरी बुरशी आली होती आणि तळच्या दोन फळ्यांवर वाळवीने मातीच्या नळ्या चढवल्या होत्या. तरी आम्ही तो ढीग तिथेच नव्याने रचला. मेच्या मध्यावर तौक्ते वादळाची सूचना आली आणि एका संध्याकाळी बाबा, मी आणि शेजारचे दोघे जण अशा चौघांनी सगळ्या फळ्या पडवीत आणून एकावर एक टाकल्या. त्या दिवशी दुसरं काही सुचण्यासारखं नव्हतं. पण पडवी गेली ती त्या संध्याकाळी.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही जवळजवळ काहीच केलं नाही. काम असून हात चालत नव्हते. लांब फळी चिरायची झाली तर दोन माणसांनी ती तिरकी धरून तिचं टोक खिडकीतून बाहेर काढायचं. प्रत्येक वेळी आधी अर्धा तास सामान इकडून तिकडे. बाबांनी सत्तरी ओलांडलेली. अशा अडचणीच्या जागेत चालत्या पात्याजवळ त्यांना वाकताना पाहिलं की माझ्या पोटात गोळा यायचा. फळ्यांसाठी वेगळी शेड बांधायचं ठरवलं ते जागेच्या सोयीसाठी हे खरंच, पण माझ्या मनात पहिलं कारण हे होतं.

बांधण्याआधी मी एक काम केलं, ते कुणालाही करायला सांगेन. खडू घेऊन पडवीच्या जमिनीवर प्रत्येक वस्तूभोवती रेघ मारली आणि महिनाभरात जिला हात लागला नाही तिच्यावर फुली. मग मोजमाप. एकूण १८० चौरस फुटांपैकी ७८ चौरस फुटांवर फुल्या होत्या. फळ्यांचे ४०, जुन्या दार-खिडक्यांचे १६, तुकड्यांचे १२, आणि दोर, कौलं, कुंड्या, रंगाचे रिकामे डबे यांचे मिळून १०. पण आकड्यापेक्षा जागा कुठे अडली हे महत्त्वाचं होतं. फळ्या पडवीच्या एका टोकाला आडव्या रचल्या होत्या, त्यांनी लांबीतले पाच फूट खाल्ले. दारांनी आणखी दोन. वीसातले तेरा उरले, आणि आम्हाला सोळा हवे होते. म्हणजे पडवी लहान नव्हती. जे वाट पाहत पडून राहायचं ते आणि जे रोज हाताखाली लागतं ते, ही दोन्ही एकाच खोलीत नांदत होती.

तुकड्यांचा निकाल त्याच आठवड्यात लावला. दीड फुटाच्या आतलं सगळं आंघोळीचं पाणी तापवायच्या चुलीकडे. बाबांना हे जड गेलं. एकेक तुकडा हातात घेऊन ते त्याचं झाड सांगत होते. सागाचे काही तुकडे त्यांनी ठेवून घेतले आणि मी बोलले नाही.

मग शेड कशी असावी यावर महिनाभर चर्चा झाली. माझ्या डोक्यात पहिला आराखडा बंद खोलीचा होता: चारी बाजूंनी भिंत, एक दार, कुलूप. बाबांनी तो एका वाक्यात मोडला. "अगो, लाकडाला कोंडायचंस कशाला? मग ताडपत्री काय वाईट होती?" त्यांचं म्हणणं खरं होतं. लाकूड सुकतं ते वाऱ्याने. हवेत जितका दमटपणा, तितका ओलावा लाकूड स्वतःत धरून ठेवतं आणि हवा कोरडी झाली की सोडतं. आमच्याकडे पावसात हवा इतकी दमट असते की उघड्यावर झाकून ठेवलेलं लाकूडही १८ ते २० टक्क्यांच्या खाली उतरत नाही. उन्हाळ्यात ते १२-१३ टक्क्यांपर्यंत येतं. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण २० टक्क्यांच्या वर ओलावा लागतो. त्यामुळे कोंडलेल्या हवेत २० टक्क्यांच्या काठावर असलेलं लाकूड सडायला लागतं आणि वाहत्या हवेत तेच तरून जातं. तेव्हा आम्हाला हवं होतं ते मोठं छप्पर, उंच जोतं आणि जिथून पाऊस झोडपतो तिथेच भिंत.

आमच्याकडे झोडप येते ती नैऋत्येकडून आणि पश्चिमेकडून. म्हणून पश्चिमेची आठ फुटी भिंत जांभ्याच्या चिऱ्याची, सहा फुटांहून थोडी उंच. दक्षिणेची बारा फुटी भिंत चार फुटांपर्यंत चिऱ्याची आणि वर लाकडी पट्ट्या, मध्ये दोन-दोन बोटांची फट ठेवून. उत्तर आणि पूर्व बाजूला फक्त पट्ट्या. वळचण चारी बाजूंनी अडीच फूट बाहेर. जोत्याला आणि दोन भिंतींना मिळून अडीचशे चिरे लागले. शेड बारा बाय आठ ठरली, कारण आठ फुटांच्या फळ्यांची थप्पी लांबीत बसून पुढे तीन फूट राहतात आणि रुंदीत दोन थप्प्यांमध्ये माणूस आडवा होऊन जाऊ शकतो. यापेक्षा मोठी करायला जागा होती. आम्ही मुद्दाम केली नाही, कारण मोठी शेड पहिल्याच वर्षी फळ्यांखेरीज इतर सामानाने भरली असती.

घर गावठाणात असल्यामुळे ग्रामपंचायतीकडे साधा नकाशा जोडून अर्ज केला आणि परवानगी आल्यावरच पाया खणला.

छपरावरून मात्र बाबांचं आणि गवंडीकाकांचं जमेना. बाबांना मंगळुरी कौलंच हवी होती. आमच्या मोडक्या गोठ्याची चांगली सहाशे कौलं पडून होती, फुकटची, आणि कौलांच्या फटींतून हवा आपोआप खेळते हे त्यांचं म्हणणं अगदी योग्य होतं. गवंडीकाका पत्र्यावर ठाम. "भाऊ, वानरांचं काय करायचं ते सांगा आधी." आमच्या भागात राहणाऱ्याला याचं उत्तर माहीत आहे. वानरांची टोळी एकदा छपरावरून गेली की दहा-वीस कौलं फुटलीच, आणि फुटलेलं कौल कळतं ते पहिल्या पावसात, खालची फळी भिजल्यावर. दापोलीच्या आसपास कौलारू घरांवर पत्रे चढले त्यामागे वादळाइतकीच वानरंही आहेत. दर वर्षी पावसाआधी बाबांनी छपरावर चढून कौलं शाकारणं मला आता नको होतं. मी पत्र्याच्या बाजूने झाले. कौलं आजही गोठ्याच्या कडेला रचून ठेवली आहेत.

पण उघड्या शेडवर पत्रा म्हणजे वादळाला दिलेलं आमंत्रण, हे निसर्गने आम्हाला दाखवलं होतं. वारा वळचणीखाली शिरतो आणि छप्पर खालून उचलतो. चार बाजूंनी भिंत असती तर निदान आतून जोर कमी लागला असता. आम्ही भिंती काढून वळचण वाढवत होतो, म्हणजे दोन्ही गोष्टी उलट्याच. त्यामुळे इथे अंदाजावर न जाता हिशेब केला. निसर्गचा वारा किनाऱ्यावर ताशी १२० किलोमीटरच्या घरात होता. त्या वेगाच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला ६५ ते ७० किलोच्या घरात येतो. वळचणीसकट आमचं छप्पर सुमारे २० चौरस मीटर. उघड्या शेडला ओढ थोडी जास्त धरली तर छपराला वर खेचणारं बळ दीड ते पावणेदोन टन होतं. बारा बाय आठची एवढीशी शेड, आणि तिला उचलू पाहणारं बळ एका मोटारगाडीच्या वजनापेक्षा जास्त. हा आकडा कागदावर आल्यावर बाबांनी लाकडी खांबांचा आग्रह स्वतःहून सोडला.

सहा खांब घेतले, दोन इंची जीआय (जस्त चढवलेल्या लोखंडी) पाइपचे. प्रत्येकासाठी दीड फूट चौरस आणि अडीच फूट खोल खड्डा, पूर्ण काँक्रीटने भरलेला. एका खड्ड्यात साधारण ३८० किलो काँक्रीट बसतं, सहांचं मिळून सव्वादोन टनांच्या वर. म्हणजे छप्पर उचलायचं तर वाऱ्याला हे सगळं वजन उपसावं लागेल. पण खाली वजन असून भागत नाही, ते वरपर्यंत जोडलेलं हवं. खांब आणि छपराच्या कैच्या (त्रिकोणी सांगाडे) वेल्डिंगने जोडल्या, आडव्या पाइपांवर पत्रे रबरी वॉशरच्या स्क्रूने बसवले, स्क्रू पन्हाळीत न मारता वरच्या उंचवट्यावर, आणि वळचणीच्या ओळीत प्रत्येक उंचवट्याला एक. पत्रे बसवणाऱ्या मुलाला एकाआड एक पुरे वाटत होते. मी शिडीखाली उभी राहून मोजून घेतले.

भातकापणी आटोपल्यावर, नोव्हेंबर २०२१मध्ये, काम सुरू झालं. आधी नाही, कारण गडी मिळत नाहीत. जोतं दीड फूट. आत जांभ्याचा चुरा आणि खडी ठोकून भरली. त्याच्यावर चिऱ्यांचे फूटभर उंच ओटे आणि ओट्यांवर थप्प्या. ही फूटभराची पोकळी मला या शेडमधली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते. ही वाळवी जमिनीतून येते आणि उजेड नि कोरडी हवा टाळायला मातीची नळी बांधत वर चढते. उघड्या चिऱ्यावर ती नळी चढली तर बॅटरीच्या उजेडात लगेच दिसते, बोटाने मोडता येते. विहीर अवघ्या पंचवीस पावलांवर असल्यामुळे जोत्यात वाळवीचं औषध ओतायचं नाही असं आम्ही आधीच ठरवलं होतं. त्याबदल्यात दर रविवारी सहा ओटे आणि सहा खांब वाकून पाहणं आलं. अडीच वर्षांत दोनदा नळी सापडली. दुसरं कारण फुरसं, हा लहानसा विषारी साप. रत्नागिरी जिल्ह्यात लाकडाच्या ढिगात हात घालणाऱ्याने ते मनात ठेवायलाच हवं. खाली आरपार दिसत असलं आणि जमिनीवर एकही तुकडा पडलेला नसला की त्याला दडायला जागा राहत नाही. तरीही काठीने वाजवल्याशिवाय आणि बॅटरी मारल्याशिवाय आम्ही कुणीच खालच्या फळीला हात लावत नाही.

खर्च एक लाखाच्या थोडा आत झाला. सगळ्यात मोठा वाटा पाइप, पत्रे आणि वेल्डिंगचा, त्याखालोखाल मजुरीचा.

डिसेंबरअखेर छप्पर पुरं झालं आणि जानेवारी २०२२मध्ये फळ्या हलवल्या. या वेळी नीट रचल्या. दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या सुक्या पट्ट्या, दीड-दीड फुटावर, आणि वरची पट्टी बरोबर खालच्या पट्टीच्या रेषेत, नाहीतर फळीला पोट येतं. फळ्यांच्या दोन्ही टोकांना जाड ऑइलपेंट, कारण लाकूड टोकातून सगळ्यात वेगाने ओलावा सोडतं आणि तिथूनच तडकतं. सर्वांत वर चिऱ्यांचं वजन.

दहा दिवसांनी सकाळी सातला मी सहज तिकडे गेले, तर वरच्या फळ्यांवर ओळीने पाण्याचे डाग. आभाळ निरभ्र, पाऊस कुठे नाही. मला वाटलं, स्क्रूच्या भोकांतून दव आत येतंय. बाबा पत्र्याला खालून हात लावून म्हणाले, "हा आतूनच घामाघूम झालाय." थंडीच्या निरभ्र रात्री पत्रा आभाळाकडे उष्णता सोडत इतका गार होतो की खालची दमट हवा त्याला लागून दव धरते आणि पहाटे ते थेंब आडव्या पाइपांच्या ओळीत खाली पडतात. कौलं असती तर हे झालं नसतं. कौल ओलावा पितं आणि फटींतून हवा जाते. बाबांनी ते बोलून दाखवलं नाही, मीच म्हटलं. पावसाळ्याचा एवढा विचार केला आणि चूक सापडली ती थंडीत.

उपाय स्वस्तात झाला. बुरुडाकडून बांबूचे तट्टे आणून पत्र्याखाली चार बोटं अंतर ठेवून बांधले. पत्र्यावरून पडलेले थेंब तट्ट्यावर पसरतात आणि दुपारपर्यंत सुकून जातात. उन्हाळ्यात पत्र्याची धगही कमी उतरते. दुसरी दुरुस्ती पहिल्या पावसात करावी लागली. उत्तरेच्या पागोळ्या जमिनीवर आपटून चिखल ओट्यापर्यंत उडत होता. तिथे फूटभर रुंद चर खणून गोटे भरले.

लाकूड सुकतंय की नुसतं पडलंय, हे मला आकड्यात पाहायचं होतं. त्यासाठी यंत्र घेतलं नाही. फणसाच्या एका फळीचा, टोकापासून फूटभर आतला, लहान तुकडा कापायचा, लगेच वजन करायचं, घरच्या ओव्हनमध्ये शंभराच्या किंचित वर तापमान ठेवून वजन उतरायचं थांबेपर्यंत सुकवायचा आणि पुन्हा वजन. दोन वजनांतला फरक भागिले सुकं वजन, गुणिले शंभर. जानेवारी २०२२मध्ये २२३ ग्रॅमचा तुकडा १८० ग्रॅमवर उतरला, म्हणजे जवळपास २४ टक्के. पडवीत एकावर एक पडलेल्या फळ्या आठ महिन्यांत पुरेशा सुकल्याच नव्हत्या. जुलैत, धो धो पावसात, १९ टक्के आले. मे २०२३मध्ये १३. बाबांना आकड्यांची गरज नव्हती, ते फळीवर बोट वाजवून सांगत होते. पण १३ आल्यावर त्यांनी कागद हातात घेऊन नीट वाचला.

शेडमध्ये काय ठेवायचं नाही हेही तेवढंच ठरवावं लागलं. रंधे, पटाश्या, कुठलंही लोखंड तिथे नाही, कारण वाहत्या दमट हवेत ते महिन्यात गंजतं. पॉलिश, थिनर, डिंक नाही. वीज नेलेली नाही. आणि शेडमधली फळी थेट कामाला घ्यायची नाही, ती महिनाभर आधी पडवीत आणून उभी ठेवायची, म्हणजे घरातल्या हवेला ती सरावते. घाई केलेला एक सागाचा पाट माझ्या डोळ्यांसमोर वाकला. सागासारखं हवेने फारसं न फुगणारं-आकसणारं लाकूड वाकलं, तर फणस काय करेल, हे तेव्हा कळलं.

पडवीत मी पुन्हा खडूने रेघा मारल्या. महिनाभर हात न लागलेल्या वस्तू आता ९ चौरस फुटांत आहेत, त्यातले बहुतेक बाबांचे सागाचे तुकडे. सलग मोकळी लांबी एकोणीस फूट. मशिन मध्यावर आलं, बाबांचा बाक खिडकीच्या उजेडात गेला आणि त्यांना आता चालत्या पात्याला ओलांडून कुठेच जावं लागत नाही. आजोबांच्या फणसाचं जेवणाचं टेबल मागच्या वर्षी पूर्ण झालं. त्याची आठ फुटी फळी चिरताना एक टोक बाबांच्या हातात होतं, एक माझ्या, आणि दोघांपैकी कुणालाच खिडकी उघडावी लागली नाही.

तट्ट्यांना आता कीड लागायला लागली आहे, खाली बांबूची बारीक पिवळी भुकटी पडते. दिवाळीनंतर, थंडीत तोडलेल्या बांबूचे नवे घालायचे आहेत. बुरुडाला सांगून ठेवलंय.